रकमेआधी माप
घरदुरुस्तीचा खर्च आणि ठेकेदार: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळीचे पाहुणे परतले की नागपुरात घरोघरी तोडफोडीचे आवाज सुरू होतात. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं याच विषयावर आहेत. त्यांतली सहा इथे घेतली आहेत.

प्रश्न: नंदनवनमध्ये आमचं १९८८ साली बांधलेलं तळमजल्याचं घर आहे. सगळ्या घराची फरशी, दोन बाथरूम, स्वयंपाकघराचा ओटा आणि आतून रंग, एवढं काम काढायचं आहे. तीन ठेकेदार घर पाहून गेले. एकाने ५ लाख २० हजार सांगितले, दुसऱ्याने ६ लाख ६० हजार, तिसऱ्याने ८ लाख १० हजार. आमच्याजवळ सगळे मिळून ८ लाख आहेत. मधला ठेकेदार धरावा का?

उत्तर: आत्ता कोणालाच होकार देऊ नका. तिघांनी एकाच कामाचे तीन भाव दिलेले नाहीत, तीन वेगळ्या कामांचे भाव दिले आहेत. सव्वापाच लाखांत जुनी फरशी फोडणं आणि मलबा उचलणं आलं का? नळ, कमोड, बेसिन कोणाचं? ते कागदावर नसेल तर काम अर्ध्यावर आल्यावर त्यावरून वाद होणारच, आणि तेव्हा घर उघडं पडलेलं असल्यामुळे माघार तुम्हालाच घ्यावी लागेल.

आधी मापाचा कागद स्वतः तयार करा. एक टेप, एक वही आणि रविवारची सकाळ एवढ्यात होतं. प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि दार-खिडक्यांची मापं लिहा. बाथरूमच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक इथेच होते, म्हणून एक हिशोब पाहा. ५ बाय ८ फुटांच्या बाथरूमची जमीन फक्त ४० चौरस फूट. पण चारही भिंतींचा घेर २६ फूट, त्यावर ७ फुटांपर्यंत टाइल म्हणजे १८२ चौरस फूट. अडीच फुटी दाराचे साडेसतरा वजा केले तरी १६४.५ उरतात. जमीन धरून २०४.५ आणि तूटफूट व कापणीचे १० टक्के मिळवले की २२५ चौरस फूट टाइल लागते. जमिनीच्या साडेपाचपट! 'छोटंसं बाथरूम आहे' असं म्हणून अंदाज बांधला की खर्च तिथूनच हाताबाहेर जायला लागतो.

रंगाचंही तसंच. काही रंगारी चटई क्षेत्राला साडेतीन किंवा चारने गुणून मोकळे होतात. १० बाय १२ च्या, १० फूट उंचीच्या खोलीच्या भिंती ४४० चौरस फूट भरतात, छत १२०, एकूण ५६०. म्हणजे गुणक साडेचारच्याही वर गेला. मोठ्या दिवाणखान्यात तोच गुणक तीनच्या आसपास येऊ शकतो. गुणकावर सौदा करू नका. काम झाल्यावर टेपने मोजायचं असं ठरवा, आणि दार-खिडकीची वजावट कशी करायची तेही आधीच लिहा. छपाईच्या (प्लास्टरच्या) मोजणीचा भारतीय मानकातला नियम असा: अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या मोकळ्या जागेची, म्हणजे दार-खिडकीची, वजावट नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरपर्यंत दोन्ही बाजूंनी सारखीच छपाई असेल तर एकाच बाजूची वजावट. त्याहून मोठ्या मोकळ्या जागेची दोन्ही बाजूंची वजावट करायची आणि आतल्या कडांचं माप वेगळं मिळवायचं. ठेकेदार जुना असेल तर हा नियम त्याला माहीत असतो.

आता या मापांपुढे दर्जा लिहा: टाइलचं माप आणि प्रकार, पाइप कोणत्या जातीचा, पुट्टीचे हात किती, रंगाचे किती. हाच एक कागद तिघांना द्या आणि प्रत्येक ओळीपुढे दर मागा. बोलताना हमखास सुटणाऱ्या गोष्टीही त्यात घाला: जुनी फरशी काढणं, मलबा वाहणं, भिंतीत पाइप-वायरसाठी चर पाडणं आणि ते पुन्हा बुजवणं, पाड (परांची) बांधणं, फरशीची पातळी उंचावल्यावर दारं खालून कापणं, शेवटची साफसफाई. मलब्याला हलकं समजू नका. ७५० चौरस फुटांची फरशी खालच्या थरासकट ३ इंच खणली तर साधारण १९० घनफूट माल निघतो. तो फुगून २६० घनफुटांवर जातो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा ट्रॅक्टरच्या तीन ट्रॉल्या धराच. तो रस्त्याकडेला टाकला तर दंड होतो आणि तो घरमालकाच्या नावावर येतो.

जुनी फरशी घट्ट असेल, कुठे पोकळ वाजत नसेल, तर तिच्यावरच टाइल चिकटवायच्या मसाल्याने, म्हणजे टाइल अ‍ॅडहेसिव्हने, नवी टाइल बसवता येते. तोडफोड आणि मलबा दोन्ही वाचतात. मात्र पातळी अर्धा ते पाऊण इंच चढते. दारं, उंबरे आणि बाथरूमचा उतार आधी तपासा.

साहित्य कोणी आणायचं? फक्त लेबर रेटने काम दिलं की नासाडी तुमच्या माथी येते, आणि सगळंच ठेकेदारावर टाकलं की काटकसर मालात होते. आमच्या मते मधला मार्ग बरा. टाइल, नळ, सॅनिटरी, पाइप आणि वायर तुम्ही पसंत करून बिलासकट घ्या. सिमेंट, रेती आणि मजुरी ठेकेदाराची. मजुरांच्या ठिय्यावरून रोजीने माणसं आणायची ती केवळ तोडफोडीसाठी आणि जिथे मापच लावता येत नाही अशा किरकोळ डागडुजीसाठी. टाइल बसवणं, छपाई, रंग ही कामं रोजीने कधीच देऊ नका.

जीएसटी दरात धरला आहे की वेगळा, हे विचाराच. नोंदणीकृत ठेकेदार साहित्यासह काम करतो तेव्हा १८ टक्के लागतो. ज्याची नोंदणीच नाही त्याला जीएसटी म्हणून पैसे घेता येत नाहीत. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्याआधीच्या दरांवर बेतलेला अंदाज कोणी पुढे केला तर तो नव्याने करून मागा.

राहिले तुमचे ८ लाख. करार ६ लाख ८० हजारांच्या आतच करा. १ लाख २० हजार बाजूला ठेवा आणि ही शिल्लक ठेकेदाराला सांगू नका. १९८८ च्या घरात भिंती उघडल्या की आतले लोखंडी पाइप गंजून बारीक झालेले निघतात, आणि तेव्हा ते बदलण्यावाचून इलाज नसतो. कात्री लावायची वेळ आलीच तर पीओपी, ओट्याखालची कपाटं, भारी नळ यांना लावा. या गोष्टी दोन वर्षांनीही करता येतात. भिंतीतले पाइप, वायर आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग यांच्या खर्चाला मात्र कात्री लावू नका. त्यांच्यासाठी पुन्हा टाइल फोडावी लागते.

प्रश्न: गच्ची दोन पावसाळ्यांपासून गळते आहे. ठेकेदार म्हणतो, 'मे महिन्यात करू, छत चांगलं वाळलेलं असतं. जुना कोबा राहू द्या, त्याच्यावरच नवा टाकू.' त्याचं ऐकावं का? (मानेवाडा)

उत्तर: दोन्ही सल्ले तुमच्या घराला मारक आहेत.

आधी वजन पाहा. विटांच्या तुकड्यांच्या कोब्याची सरासरी जाडी ४ इंच धरली तर चौरस फुटाला १८ ते २० किलो भार येतो. ८०० चौरस फुटांच्या गच्चीवर हे साधारण १५ टन होतात. एक कोबा आधीच आहे. दुसरा टाकला तर तेवढंच वजन पुन्हा चढेल, आणि स्लॅब बांधताना ते कोणी हिशोबात धरलेलं नव्हतं. शिवाय जुन्या कोब्यात मुरलेलं पाणी दोन थरांमध्ये कोंडतं आणि गळती थांबत नाही, फक्त जागा बदलते.

आता हंगाम. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या घरात असतो आणि उघड्या स्लॅबवर अनवाणी पाय टेकवत नाही. सिमेंटचं काम अशा वेळी पाणी धरत नाही. वरचा थर तासाभरात सुकतो, आतला कच्चा राहतो आणि पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटतात. कोब्यावर आळी बांधून निदान सात दिवस पाणी साठवावं लागतं, मिस्त्री ज्याला तराई म्हणतात. नेमकं तेव्हाच नळाला पाणी कमी असतं. म्हणून सिमेंटची कामं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. ब्रशने लावायचं लवचीक कोटिंग मार्च-एप्रिलपर्यंत चालतं, पण तेही सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. तापलेल्या पृष्ठभागावर त्याला फोड येतात. विदर्भात पाऊस जूनच्या मध्याला पोचतो. त्याआधी घाईघाईत केलेलं काम पहिल्याच सरीत उघडं पडतं.

त्याहीआधी पाणी नेमकं कुठून उतरतं ते शोधा. संपूर्ण गच्ची दोषी आहे असं गृहीत धरू नका. बहुतेक वेळा गळती पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) पायथ्याशी, पावसाच्या पाइपच्या तोंडाशी किंवा पाण्याच्या टाकीच्या बुडाशी असते. गच्चीचे विटा-मातीने दोन-तीन भाग पाडा, पाइपचं तोंड बुजवा, एकेका भागात दोन इंच पाणी ४८ तास उभं ठेवा आणि खालून छत पाहत राहा. ज्या भागात ओल उमटली तेवढाच भाग उघडायचा. उतारही तपासा. १०० ला १ हा किमान उतार धरला तर २० फूट अंतरात जवळपास अडीच इंच फरक हवा. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही गच्चीवर डबकी दिसत असतील तर कितीही भारी रसायन लावा, ते फार टिकणार नाही.

कोबा सर्वत्र पोकळ वाजत असेल तर तो काढूनच नवा करावा लागेल. त्याची पकड घट्ट असेल तर भेगा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या कोरून भरा, पॅरापेटच्या कोपऱ्यात गोलवा करा आणि वर कोटिंगचे हात द्या. कोटिंगच्या आदल्या रात्री दोन फूट चौरस प्लास्टिक चारी कडांनी चिकटवून ठेवा. सकाळी आतून घाम दिसला तर अजून ओल आहे, थांबा. 'दहा वर्षं गॅरंटी' असं तोंडी कोणीही सांगतं. गळलं तर साहित्य आणि मजुरी दोन्ही कोणाची, आणि खोलीच्या छताचा खराब झालेला रंग कोण करून देणार, हे लेखी घ्या.

प्रश्न: काळ्या मातीवर बांधलेल्या आमच्या घराच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या भेगा गेल्या आहेत. दरवर्षी भरतो, दरवर्षी परत येतात. आता ठेकेदार पायाच मजबूत करायला सांगतो आहे.

उत्तर: पायाला हात लावायचा निर्णय ठेकेदाराचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आहे. त्याची फी वेगळी द्या आणि त्याच्याकडूनच काम करून घेण्याची अट ठेवू नका.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. घराच्या कडेची माती जास्त हलते, मधली कमी, म्हणून भिंतीला पीळ पडतो. तुमच्या भेगा जिवंत आहेत, म्हणून सिमेंटने भरल्या की बाजूने पुन्हा फाटतात. भेगेवर रंग खरवडून काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. एक पट्टी आता, एक मेमध्ये, एक ऑगस्टमध्ये. काच तडकली की हालचाल चालू आहे हे कळतं, आणि भेगेची रुंदी मोजून ठेवली तर ती उन्हाळ्यात उघडते नि पावसाळ्यात मिटते का, हेही दिसतं. तसं असेल तर उपाय घराबाहेर आहे. भिंतीलगत चारही बाजूंनी चार-पाच फूट रुंद काँक्रीटची पट्टी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा, भिंत आणि पट्टीमधली फट डांबरासारख्या लवचीक मालाने भरा. पायाशेजारी गळणारी मोरी, कूलरचं वाहतं पाणी, गच्चीच्या पाइपचं तोंड हे सगळं दूर न्या. मातीची ओल वर्षभर सारखी राहिली की भिंत शांत होते. त्यानंतर भेगा अ‍ॅक्रिलिक फिलरने भरा.

भेग ५ मिलिमीटरहून रुंद असेल, दार चौकटीत अडकत असेल किंवा भेगेच्या दोन बाजू खाली-वर झाल्या असतील, तर काचेची वाट पाहू नका, आधी इंजिनिअर.

प्रश्न: दिवाणखाना १६ बाय १२ फूट. दोन बाय दोनच्या टाइल, एका बॉक्समध्ये चार. बारा बॉक्स पुरतील ना?

उत्तर: पुरणार नाहीत. ही टाइल खरं तर ६०० मिलिमीटरची असते, पूर्ण दोन फुटांची नाही. चार टाइल मिळून १५.५ चौरस फूट होतात, १६ नव्हे. १९२ मध्ये १० टक्के मिळवून २११, भागिले १५.५, म्हणजे १४ बॉक्स. सगळ्या बॉक्सवरचा बॅच आणि शेड क्रमांक एकच असल्याची खात्री करा. नंतर आणलेला तेराव्या नंबरचा बॉक्स रंगात वेगळा पडला की तो दाराशीच नजरेत भरतो. एक बॉक्स पुढच्या दुरुस्तीसाठी ठेवा. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळपास शोषतच नाही, त्यामुळे सिमेंटची नुसती लापशी तिला धरून ठेवत नाही आणि वर्षभरात टाइल पोकळ वाजू लागते. टाइल अ‍ॅडहेसिव्हच वापरा आणि दोन टाइलमध्ये स्पेसर घालून फट ठेवायला लावा. एकमेकींना भिडवलेल्या टाइल आपल्या उन्हाळ्यात फुगून वर उचलल्या जातात.

प्रश्न: जुनी वायरिंग बदलतो आहोत. इलेक्ट्रिशियन 'पॉइंट'प्रमाणे भाव सांगतो. कशाकडे लक्ष द्यावं?

उत्तर: पॉइंट म्हणजे काय ते आधी लिहून घ्या. बटणापासून दिव्यापर्यंतची वायर आणि पाइप त्यात आला, की बोर्डपर्यंतचाही? दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर, साध्या पॉवर पॉइंटला २.५, गीझर आणि दीड टनाच्या एसीला प्रत्येकी स्वतंत्र ४ ची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारं बटण). कॉइल साधारण ९० मीटरची येते. रिकामी गुंडाळी आणि बिल दोन्ही जपून ठेवा.

आमचा खरा आग्रह कूलरसाठी आहे. पत्र्याचा डबा, आत पाणी, पाण्यात पंप, आणि समोर ओल्या फरशीवर उभं माणूस. कूलरच्या प्रत्येक पॉइंटला अर्थिंगची तिसरी वायर हवीच आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी हवा. तो माणसाला झटका जीवघेणा होण्याआधी वीज तोडतो. साधा एमसीबी हे करत नाही. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, पिन काढायची. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. दाबून वीज गेली नाही तर तो त्याच दिवशी बदला. कूलर कोणत्या खिडकीत बसणार ते छपाईआधी ठरवा आणि त्याच्या गळणाऱ्या पाण्यासाठी बाहेर पाइप काढा, म्हणजे खिडकीखालची भिंत ओलसर राहणार नाही.

प्रश्न: कामाच्या सुरुवातीला ठेकेदाराने ५० टक्के आगाऊ घेतले. तोडफोड आणि थोडं प्लंबिंग करून तीन आठवड्यांपासून बेपत्ता आहे, फोनवर 'उद्या येतो' म्हणतो. बाथरूम बंद पडलं आहे.

उत्तर: दुसरा मिस्त्री लावण्याआधी झालेल्या कामाची नोंद करा, नाहीतर पुरावाच उरणार नाही. प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो, झालेल्या कामाची मापं, पडून असलेलं साहित्य, हे सगळं दोन शेजाऱ्यांच्या सह्यांनी कागदावर उतरवा. शक्य असेल तर एखाद्या इंजिनिअरकडून झालेल्या कामाची किंमत लेखी घ्या. मग ठेकेदाराला स्पीड पोस्टाने पत्र आणि तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर: इतके दिले, इतक्याचं काम झालं, सात दिवसांत काम सुरू करा, अन्यथा उरलेली रक्कम परत द्या. पैसे ऑनलाइन दिले असतील तर बँकेचा उतारा जोडा. त्यानंतरही दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार द्या. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही करता येते.

नव्या ठेकेदाराशी मात्र हप्ते असे बांधा. सुरुवातीला १० टक्के. मोठं साहित्य घ्यायचं असेल तर पैसे थेट दुकानदाराला द्या, बिल तुमच्या नावाचं. मजुरांचा चुकारा दर शनिवारी करावा लागतो, ही ठेकेदाराची खरी अडचण आहे, म्हणून त्या आठवड्यात मोजून भरलेल्या कामाचे पैसे शनिवारी द्यायला मागेपुढे पाहू नका. पण न झालेल्या कामाचे नाही. प्लंबिंगचा हप्ता पाइपमध्ये टेस्ट पंपाने दाब देऊन, काटा काही तास जागेवर राहिल्यावर. चर बुजवण्याआधी. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचा हप्ता टाइल बसवण्याआधी ४८ तास पाणी भरून खालचं किंवा शेजारचं छत-भिंत कोरडी दिसल्यावर. शेवटी १० टक्के राखून ठेवा. त्यातले ५ टक्के राहिलेल्या कामांची यादी पूर्ण झाल्यावर, उरलेले ५ पहिला पावसाळा सरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी.